मामाची फिरती बैठक

सलूनच्या खुर्चीकडं एकदा नीट बघा. ती वर-खाली होते, गोल फिरते, मागं झुकते. पाय ठेवायला पट्टी आहे, डोकं टेकायला उशी आहे, हाताखाली गादी आहे. एवढं सगळं तिच्यात बसणाऱ्यासाठी, आणि तो बसतो फार तर अर्धा तास. सकाळी आठला शटर वर केल्यापासून रात्री नऊला खाली ओढेपर्यंत जो तिच्याभोवती उभा असतो, त्याच्यासाठी दुकानात काय असतं? कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचं स्टूल, आणि त्यावरही वाट बघणारं गिऱ्हाईक बसलेलं.

गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात हेच चाललंय. आता कारागिरासाठी खुर्चीभोवती फिरणारी बैठक उभी राहिली आहे, रोज वापरात आहे, तर सगळं लिहून काढतो.

माझा थोरला मामा बेळगावात शहापूरला सलून चालवतो. दोन खुर्च्यांचं लहान दुकान. आरशाच्या वर संत सेना महाराजांचा फोटो आणि त्याला लागून हडपद अप्पण्णांचा. दुसरा फोटो शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या कारागिरानं लावलाय, तो बैलहोंगलकडचा. बसवण्णांच्या काळातले हे शरण, म्हणजे संत, त्याच्या समाजाला तितकेच जवळचे, जितके आम्हाला सेना महाराज. श्रावण वद्य द्वादशीला पुण्यतिथीचा हार आणला की मामा दोन आणतो. दिवसभर त्या दुकानात मराठी, कन्नड आणि उर्दू अशी तिन्ही बोलणी एकाच वाक्यात चालतात.

आमचं घराणं दोन्हीकडून कात्रीचं. मी मात्र आयटीआय करून लोखंडात आलो. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लेथवर असतो.

मामाचे पाय मी नीट बघितले ते मामीनं दाखवले म्हणून. एरवी पँट घोट्यापर्यंत, कोण बघणार? गुडघ्यामागनं पोटरीवर निळ्या नसा गाठी-गाठीनं वर आल्या होत्या. घोट्याजवळ अंगठा दाबला तर खळगा तसाच राहायचा, हळूहळू भरायचा. रात्री जेवण झालं की मामा भिंतीला पाय लावून पडायचा आणि त्याच अवस्थेत बातम्या ऐकायचा. मामी म्हणाली, "ह्येनी कुणाला सांगत न्हाईत. तूच काय तर बघ."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला फार पटलं, कारण ते माझ्या कामातलंच होतं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो, तो पंप आहे. आत झडपा आहेत, वर गेलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. माणूस चालतो तेव्हा पंप चालतो. एका जागी उभा राहतो तेव्हा पंप बंद आणि रक्ताचा सगळा भार खाली. वर्षानुवर्षं असं झालं की शिरा फुगतात, झडपांची तोंडं जुळेनाशी होतात, मग रक्त मागं गळतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळायला लागला की सिलिंडरचं काय होतं हे मी रोज बघतो. फरक एवढाच की तिथं आम्ही सील बदलतो.

डॉक्टर म्हणाले, पोटरी घट्ट दाबून धरणारे मोजे घाला, पाय वर करून झोपा, एका जागी उभं राहणं कमी करा. मोजे आले, पायाखाली उशी आली. तिसऱ्या गोष्टीवर मामा एवढंच बोलला, "हुबं ऱ्हायलो न्हाई तर दुकान कोण चालवणार रे?"

मला आठवतात ते आजोबा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं बलुतं होतं. काखेत धोकटी मारून निघायचे. चिंचेखाली नाहीतर कुणाच्या तरी सोप्यात पोतं पसरायचं, गिऱ्हाईक मांडी घालून पुढ्यात, आणि आजोबाही बसलेलेच. मागची बाजू करायची तर आजोबा उठत नसत, गिऱ्हाईकाला म्हणत, "वळ की जरा." वर्षाला सुगीत धान्य मिळायचं, ते थोडंच होतं, आणि मान खाली घालून राहावं लागायचं तेही खरं. त्या काळाचं मला कौतुक नाही. पण कारागीर बसून काम करत होता, ही गोष्ट मी स्वतः बघितली आहे. खुर्ची आली, गिऱ्हाईक जमिनीवरून वर गेलं आणि त्याच्या उंचीला पोचायला कारागीर उभा राहिला. बलुत्यातनं सुटलेला आमचा माणूस शहरात रोख पैसे मोजायला लागला, दुकानाचा मालक झाला, आणि त्याच पिढीत त्याचे पाय गेले.

ही खुर्ची आली कुठनं ते मी शोधून वाचलं. अमेरिकेत १८७८ मध्ये आर्चर नावाच्या कंपनीनं मागं झुकणारी, पायपट्टी जोडलेली एकसंध खुर्ची बाजारात आणली. तिथल्याच सेंट लुईस शहरात अर्नेस्ट कोकन या जर्मनीहून आलेल्या कारागिरानं १८९० च्या दशकात तिला हायड्रॉलिक दिलं, बाजूच्या एका दांड्यानं ती वर-खाली आणि मागं-पुढं व्हायला लागली. पुढं जपानच्या ओसाकातल्या ताकारा कंपनीनं, जी १९२१ मध्ये ओतकामाच्या कारखान्यापासून सुरू झाली, खुर्च्या करायला घेतल्या आणि १९७० मध्ये कोकनची कंपनीच विकत घेतली. इतकी वर्षं इतक्या हुशार माणसांनी त्या खुर्चीत जीव ओतला. ते सगळं गिऱ्हाईकाच्या अंगाखाली गेलं.

दाताच्या डॉक्टरांचं बघा. तेही पूर्वी उभ्यानंच काम करत. अमेरिकेत १९५८ च्या सुमाराला पेशंटला पूर्ण आडवं करणारी खुर्ची आली, आणि त्यानंतर दंतवैद्य हळूहळू चाकाच्या स्टुलावर बसले. आज दातांची बरीचशी कामं डॉक्टर बसूनच करतात. त्यांचं काम आमच्यापेक्षा बारीक, तोंडाच्या आतलं, तरी ते बसून होतं. मग दाढी का होऊ नये?

आम्हा कारखान्यातल्या लोकांसाठी तर १९४८ पासून कायदाच आहे. तेव्हाच्या कारखाना कायद्याचं कलम ४४ सांगायचं: ज्याला उभ्यानं काम करावं लागतं त्याला संधी मिळेल तेव्हा बसायची सोय करून दिली पाहिजे. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या नोकरांसाठीही बसायचा हक्क कायद्यात घातला. कपड्यांच्या दुकानातल्या बायकांनी केरळात त्यासाठी लढा दिला होता. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मालकबी मीच आणि गडीबी मीच. मी कुणाकडं मागू?" तेव्हाच मी ठरवलं की हे आपण करायचं.

चाकाचं स्टूल बाजारात मिळतं, ब्यूटी पार्लरात असतं तसलं. ते आधी आणलं. केस कापायला ठीक होतं, पण दाढीच्या वेळी मामानं ते पायानं ढकलून दिलं. कारण मी जवळ उभं राहून बघितलं. वस्तरा गालावर चालवताना डाव्या हातानं कातडी ताणावी लागते. तो ताण देताना माणूस नकळत मागं रेटला जातो. उभा असेल तर टाचा धरून ठेवतात. चाकाच्या स्टुलावर बसलेला असेल तर स्टूल अर्धा इंच मागं सरकतं, आणि तेवढ्यात वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावर असतो. मामा म्हणाला, "फिरायला काय, मी फिरतोच की घाण्याच्या बैलागत. मला थांबवून धरणारं काय तरी पायजे."

सगळी रचना त्याच्या ह्या एका वाक्यातनं निघाली. मोटर फिरवण्यासाठी तर लागतेच, पण तिचं खरं काम जागेवर घट्ट धरून ठेवणं.

आता वस्तू कशी आहे ते सांगतो. खुर्चीच्या बुडाशी जी गोल तबकडी असते तिच्याभोवती लोखंडी रिंग बसवली. रिंग दोन अर्ध्यांची केली, म्हणजे खुर्ची उखडावी लागत नाही, बाहेरनं आवळता येते. त्या रिंगवर एक आडवा हात फिरतो, जमिनीलगत, खुर्चीच्या पायपट्टीखालनं जाईल इतका बसका. हाताच्या दुसऱ्या टोकाला बैठकीचा खांब. खुर्चीच्या मध्यापासून बैठकीच्या मध्यापर्यंत ७० सेंटीमीटर. मामाचे कोपर अंगाशी ठेवून मापं घेतली आणि तिथं आलो. खांबाखाली एक रबरी चाक, आणि त्याला ट्रकच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर. वायपरची मोटर मुद्दाम घेतली. तिच्यात वर्म गिअर असतो. मोटरनं चाक फिरतं, पण चाक रेटून मोटर फिरत नाही. करंट बंद झाला की चाक जागच्या जागी अडकतं. मामा मागं रेलला, पुढं झुकला, बैठक हलत नाही.

वेग कंट्रोलरनं कमी करून सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या आसपास ठेवलाय. पायाखाली दोन पेडल, एक डावीकडं जायला, एक उजवीकडं. दाबलं असेल तोवरच फिरते, पाय उचलला की तिथंच उभी. मशीननं मानेवरची उतरण, म्हणजे केस खालपर्यंत बारीक-बारीक करत नेणं, करताना ही संथ चाल फार कामाला येते. हात स्थिर, खाली माणूस सरकतोय, त्यामुळं रेघेला लाट येत नाही. वस्तरा हातात घेतला की मेन स्विच बंद. हा नियम मामाचा, आणि तो कारागिरालाही तोंडपाठ केलाय. भिंतीतला करंट मी जवळपास येऊ दिलेला नाही. फरशी सतत ओली, पाण्याचा फवारा चाललेला, अशा जागी २३० व्होल्टची वायर पायात नको. बॅटरी खांबामागच्या डब्यात, रात्री चार्जिंगला.

उंचीसाठी आधी बॅटरीवरचा ॲक्चुएटर, म्हणजे मोटरनं वर-खाली सरकणारा दांडा, लावून बघितला. त्याची ताकद भरपूर, पण चाल इतकी सावकाश की कानापासून मानेपर्यंत यायला मामा ताटकळायचा. तो काढून ऑफिसच्या खुर्चीतली गॅस स्प्रिंग घातली, दांडी ओढली की झटक्यात वर. जिथं माणसाला घाई आहे तिथं मोटर नको, असं माझं आता ठाम मत झालंय.

आणि एक दांडी आहे ती सगळ्यात महत्त्वाची. ती ओढली की मोटरचं चाक जमिनीवरनं उचललं जातं आणि बैठक मोकळी होते, पायानं ढकलत फिरवता येते. ही डॉक्टरांमुळं घातली. नुसतं बसून, मोटरवर फिरून पोटरीचा पंप परत बंदच राहणार. पायानं रेटत फिरलं की पोटरी हलते. म्हणून साध्या कटिंगला मामा पायानं फिरतो, उतरण काढताना मोटरवर, आणि दाढीला एका जागी पक्का.

बैठक स्वतः खोगिरी आहे, दुचाकीची सीट शिवणाऱ्याकडनं फोम आणि रेक्झिन घालून घेतली. सपाट स्टुलावर मांड्या काटकोनात आल्या की कंबर मागं गोल होते. खोगिरावर उंच बसलं की मांड्या खाली उतरत्या राहतात आणि कमरेचा बाक तसाच राहतो. पाय दोन्ही जमिनीवर, निम्मा उभा आणि निम्मा बसलेला.

लोकांना वाटतं की अवघड भाग मोटरचा असेल. सगळ्यात जास्त त्रास केसांनी दिला. कापलेले केस हलके असतात, चाकाच्या आसाला गुंडाळत जातात, त्यात पावडर आणि तेल बसतं आणि कडक नमदा तयार होतो. चाक आधी जड होतं, मग घासत जातं. सुरीनं कापून काढायला लागतं. बॉल बेअरिंग तर काही आठवड्यांत करकरायला लागली. तिथं मी नायलॉनचे बुश टाकले, त्यांना ग्रीस लागत नाही आणि ग्रीस नसेल तर केस कमी धरतात. आसाभोवती सायकलच्या ट्यूबचं रबर कापून झालर लावली. तरीही रात्री झाडू मारताना कारागीर खाली वाकून एकदा फडकं फिरवतो. जुन्या शहाबादी फरशीचे सांधे वर-खाली होते, चाक त्यावर गचके खायचं, म्हणून खाली पत्र्याचं अर्धगोल तळ टाकलं. हे सगळं श्रावणात झालं. आमच्याकडं श्रावण पाळणारे बरेच, दुकान निवांत असतं. गणपतीच्या आधी गर्दी उसळली तेव्हा बैठक तयार होती.

पहिले काही दिवस गिऱ्हाईकं नुसती बघत. बसवाण गल्लीतले एक म्हातारे तात्या मामाला म्हणाले, "काय रं, माझ्या म्होरं बसतोस?" रागानं नव्हे, पण मनातलंच बोलले. पिढ्यान्‌पिढ्या समोरचा बसलेला आणि न्हावी उभा, ह्यात मानपान मिसळलेला आहे, तो एका बैठकीनं जात नाही. मामानं काही उत्तर दिलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय दाखवले. तात्या बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बस बाबा, बस." मला त्या पाय दाखवण्याचं वाईट वाटलं. बसण्यासाठी माणसाला आपलं दुखणं उघडं करावं लागू नये. आता मामा कुणाला काही दाखवत नाही, तसा बसूनच "या" म्हणतो. कन्नड गिऱ्हाइकांनी तर दुसऱ्याच दिवशी "चलो ऐतरी", म्हणजे छान आहे, म्हणून टाकलं.

मुलांचं मात्र आम्ही कुणी हिशेबात धरलं नव्हतं. लहान पोराला खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवतात, कारण कारागिराला वाकायला लागू नये. वर उंच टांगलेलं पोर, मागनं कुणीतरी मोठा माणूस मशीन घेऊन येतोय, ते रडणारच. आता मामा स्वतः खाली बसतो, फळी लागत नाही. पोर गादीवर, आणि मामाचं तोंड त्याच्या तोंडासमोर. मशीन आधी त्याच्या तळहातावर टेकवतो, गुदगुल्या होतात, मग कानामागं नेतो. सगळीच गप्प बसतात असं नाही, पण दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवायची वेळ आता फारशी येत नाही.

डोक्याच्या माथ्यावरचं काम अजून उभ्यानंच आहे. बसून केलं तर कोपर खांद्याच्या वर जातात आणि पायाचं दुखणं खांद्यात येईल. मामा तिथं उठतो, ते बरंच आहे. बैठक पूर्ण गोल फिरत नाही, २४० अंशांत फिरते, कारण पुढं आरसा आणि गिऱ्हाईकाचे पाय असतात. खुर्ची फिरवून का नाही, असं कारखान्यातल्या दोघातिघांनी विचारलं. फिरवता येते, पण गिऱ्हाईकाला आरशात आपलं डोकं बघायचं असतं, त्याचे त्यानं पैसे दिलेत. आणि जागा हा मोठा प्रश्न आहे. बैठक आणि तिच्यामागं मामाची पाठ धरून खुर्चीच्या मध्यापासून मीटरभर मोकळं लागतं. खडेबाजारातल्या, गणपत गल्लीतल्या कित्येक दुकानांत दोन खुर्च्यांमध्ये एवढी जागा नाही. मामाकडंही एकाच खुर्चीला बसली. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर तीस वर्षांचा आहे, त्याच्या नसा अजून चांगल्या आहेत, आणि त्या चांगल्या असतानाच त्याला बैठक मिळायला हवी. हेच मला टोचतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. आज उद्यमबागेत पंप होतात, सिलिंडर होतात, जवळ हत्तरगीला विमानाचे सुटे भाग होतात. अशा गावाला ही बैठक काय जड आहे? सुटे भाग, वेल्डिंग, बॅटरी धरून खर्च साधारण चौदा हजारांवर गेला, माझी मजुरी सोडून. चार-पाच एकदम केल्या तर नक्की खाली येईल.

दुसरीचं काम आता सुरू आहे, ती भिंतीला धरून अर्धगोलात फिरणारी, अरुंद दुकानासाठी. निपाणी, संकेश्वर, खानापूर, कुठल्याही गावात कुणाला आपल्या दुकानासाठी करायची असेल तर मला तीन मापं कळवा: खुर्चीच्या बुडाच्या तबकडीचा व्यास, खुर्चीच्या पंपाचं पेडल पूर्ण दाबल्यावर जमिनीपासून किती वर राहतं ते, आणि खुर्चीच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. आणि जो बसणार आहे त्याची उंची. मापं रविवारी गर्दीच्या वेळी घेऊ नका, संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर घ्या, कारण बाकडी सरकवायला लागतात.